तुझ्या नावापुढं कुणाचं नाव

आक्का, बँकेतल्या मॅडमनी तुझं पासबुक उघडलं आणि विचारलं, "यांचे मिस्टर?"

मी म्हणाले, "नाहीत."

"म्हणजे वारले?"

मी शेजारी उभ्या असलेल्या दत्तूकडं, आपल्या भावाकडं, बघितलं. तो पासबुकाकडं बघत होता. इतकी वर्षं आपल्या घरात त्या माणसाविषयी 'नाहीत' एवढंच म्हणायची सवय होती. पाहुण्यांना ते पुरायचं, गावालाही पुरायचं. नाहीत म्हणजे नक्की काय, असं पुढं कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी दत्तूच म्हणाला, "हायेत. पुसेगावला असतात. पण आमचा त्यांच्याशी काय संबंध न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "तुमचा नसेल. या बाईंचा होता का, ते बघावं लागेल."

तुला जाऊन फार दिवस झाले नव्हते. शेवयांचा हंगाम जवळ आला म्हणून तू सकाळी शेवया वाळवायच्या बाजा धुवायला अंगणात काढल्या होत्यास. एका बाजेचा पाय धरून खाली बसलीस ती उठलीच नाहीस, असं शेजारीण सांगते. मी हिंगोलीहून साखऱ्याला पोचले तेव्हा तुझ्या अंगावर गोधडी घातलेली होती आणि बाजा अर्ध्या ओल्या होत्या. मला तेव्हा रडू आलं नाही. मी दोन बाजा उन्हात सरकवल्या. बायका माझ्याकडं बघत होत्या. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला वाटलं, तू उठून म्हणशील, शोभा, तशी न्हाई, आडवी टाक.

बँकेचं काम साधं आहे, असं सगळे म्हणत होते. मॅडमसुद्धा तेच म्हणाल्या. रक्कम लहान आहे, तेव्हा कोर्टातून वारस दाखला आणायची गरज नाही. मृत्यूचा दाखला द्या, वारसांचा अर्ज द्या, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र करून आणा, ओळखीचा एक साक्षीदार आणा, की झालं. तू नॉमिनी लावला असतास तर तेवढंही लागलं नसतं. पण तो रकाना तू कोरा ठेवला होतास. का ठेवलास, ते मला माहीत नाही. माझं नाव लावलं असतंस तर दत्तूला वाईट वाटलं असतं, त्याचं लावलं असतंस तर मला. की तिसरंच कुणी मनात होतं?

मग मॅडमनी ती गोष्ट सांगितली. मूलबाळ नाही, नवरा हयात आहे, फारकत झालेली नाही; मग बाईच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क नवऱ्याचा. बहीण-भाऊ त्याच्या फार मागं. अर्ज त्यांनीच करायचा. तुम्ही पाहिजे तर साक्षीदार व्हा.

बाहेर आल्यावर दत्तू चहासुद्धा न घेता म्हणाला, "असं कसं? शेवया हिनं केल्या. खांदे हिचे दुखले. अन् वारस तो?"

आक्का, त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आताही वाटत नाही.

तो मला तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं घेऊन गेला. त्याचं म्हणणं सोपं होतं. एक प्रतिज्ञापत्र करायचं, त्यात आपण दोघंच वारस म्हणून लिहायचं. कोण तपासायला येतंय? टायपिंगवाल्यानं तुझं नाव टाईप केलं आणि विचारलं, "बाई अविवाहित का विधवा?"

दत्तू म्हणाला, "विधवा लिहा."

"माणूस जिता हाय, दत्तू," मी म्हणाले.

"मग अविवाहित लिहा."

"आधारवर नवऱ्याचं नाव हाय तिच्या."

टायपिंगवाल्यानं हात मांडीवर ठेवले. "तुमी दोघं आधी ठरवा, मग या. माझं काय, तुमी सांगाल ते मी लिहीन. खाली सही तुमची राहती."

कागदाच्या तळाशी आधीच छापलेली ओळ होती: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कोर्ट नको, वकील नको, तारखा नकोत, हे सगळं या एका ओळीवर उभं होतं. तुम्ही खरं सांगाल, असं त्यांनी धरून चाललेलं होतं. आणि माझी अडचण अशी की मला खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं काय तेही माहीत नव्हतं. तुझ्याविषयी माझी माहिती तरी काय होती?

मला माहीत होतं ते एवढंच. मी शाळेतून आले तेव्हा तू ओट्यावर बसली होतीस, शेजारी तुझी लग्नातली ट्रंक. आई आत रडत होती. तू मला विचारलंस, "शाळा सुटली व्हय?" जसं काही तू रोजच तिथं बसलेली असायचीस. नंतर आई म्हणाली, तिकडं तिला लई तकलीफ होती, लेकरू होईना म्हणून त्या लोकांनी हाकलून दिलं. काही दिवसांनी कळलं, तुझ्या नवऱ्यानं, रामरावनं दुसरी केली. बाबांनी मागची खोली तुझी तुला वेगळी करून दिली. त्यांच्यामागं ती तुझ्याच नावावर आली. तू बचत गटातून शेवयांची मशीन घेतलीस आणि चार गावच्या बायका रव्याचे डबे घेऊन तुझ्या अंगणात नंबर लावायला लागल्या. एवढंच. तुला काय झालं होतं, हे तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आपल्याला सगळं ठाऊक आहे, असंच मी धरून चालले होते.

आधार काढायला मीच तुला घेऊन गेले होते, आठवतं? त्या मुलानं नाव विचारलं आणि तू सांगितलंस, कमल रामराव. मी मध्ये बोलले, "बाबांचं लाव की." तू त्या मुलाकडं बघतच म्हणालीस, "हाय ते राहू दे."

परत येताना काळीपिवळी जीपमध्ये आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "ज्यानं घरात दुसरी आणली त्याचं नाव काहून मिरवतीस?"

"मिरवत न्हाई. हाय म्हणून हाय."

"हे काय उत्तर झालं?"

तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, यंदा रवा महागला. मी त्या दिवशी तुझ्याशी पुढं बोलले नाही. नंतरही मी हा विषय अधूनमधून काढायचे आणि तू तो मोडून टाकायचीस. एकदाच तू चिडलीस. म्हणालीस, "तू म्हणतीस नाव काढ. दत्तू म्हणतो पोटगी माग. तुमा दोघांतल्या एकानं तरी मला विचारलं का, आक्का, तुला काय पायजे?"

मी विचारलं, "बरं, काय पायजे तुला?"

तू थोडा वेळ माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "चहा ठेव."

मी हसले आणि चहा ठेवला. आता त्या थोड्या वेळापाशी मी सारखी जाते. तू तेव्हा सांगणार होतीस का काही? मी हसले नसते तर?

दत्तू पुसेगावला यायला तयार झाला नाही. आमच्या यांनी डेपोतून सुट्टी काढतो म्हणून सांगितलं, पण मी एकटीच गेले. जाताना वाटत होतं, दारातच भांडण होईल, मग सही न घेता परत यायला मी मोकळी.

अंगणात एक बाई हरभरा पाखडत होती. तिनं वर बघितलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आक्काच्या बहीण ना तुमी? तोंडावरूनच वळखलं." ती शांता. रामरावची दुसरी. तिनं तुला आक्का म्हटलं आणि मी काय बोलायला आले होते ते विसरले.

रामराव पडवीत बाजेवर बसले होते. मी त्यांना लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होते. माझ्या डोक्यातला माणूस मोठा, काळा, मिशा असलेला होता. हे एक वाळकं म्हातारं माणूस, हातात दम्याचा पंप. दाजी म्हणावं की रामराव म्हणावं, जिभेवर दोन्ही अडलं. मी नुसतं 'अहो'वर भागवलं. तू गेलीस हे त्यांना कळलेलं होतं. मी बँकेचं सांगितलं. पती म्हणून अर्ज करावा लागेल, असं सांगितलं. ते पंपाकडं बघत राहिले.

शांता म्हणाली, "यांनी पती म्हणून सही केली, म्हंजी मग मी कोण?"

तिच्या आवाजात राग नव्हता. वाट विचारावी तसं तिनं विचारलं. "दोन पोरं हायेत माझी. उद्या त्यांना कुणी म्हणलं, तुमची माय लग्नाची न्हाई, तर मी कोणता कागद दाखवू?"

मी अंगणवाडीच्या लेकरांची नावं रोज नोंदवते, वडलांचं नाव, आईचं नाव; एका माणसाची दोन घरं असली तर काय लिहायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. मी म्हणाले, "विचारून सांगते." कुणाला विचारणार होते, देव जाणे.

मग रामराव बोलले. थांबत थांबत, मध्ये श्वास घेत. "तिला आमी हाकललं न्हाई. मायनं दुसरीचं काढलं होतं. मी न्हाई म्हणलो न्हाई, हे खरं हाय. तिनं ऐकलं, म्हणली, आणा, मी जाते. मला वाटलं रुसली. आणायला आलतो मी साखऱ्याला. तुमच्या वडलांनी दारातूनच परत लावलं."

"कधी?"

"तुमी ल्हान होत्या."

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. आई बोलली नाही, बाबा बोलले नाहीत, तू बोलली नाहीस. तो खोटं बोलत असेल. म्हातारपणी माणूस आपल्याला बरं दिसेल असं आठवतो. पण बाबांचा स्वभावही मला माहीत आहे. ते दारातून परत पाठवू शकत होते. आणि मग तू आत होतीस का? तुला कळलं होतं का? की तूच सांगितलं होतंस, पाठवा म्हणून?

मी निघायला लागले तेव्हा शांतानं गूळपाणी दिलं आणि मी न विचारता सांगायला बसली. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी ती शेजारणीबरोबर रव्याचा डबा घेऊन साखऱ्याला आली होती. कुणाकडं जातोय ते तिला ठाऊक नव्हतं. तू नंबरासाठी नाव-गाव विचारलंस, तिनं सांगितलं. "आक्का जराशा थांबल्या. मला वाटलं, आता डबा फेकून देतील. मंग म्हणल्या, रवा जाड हाय, चाळून घ्यावा लागंल. अन् मला चाळणी दिली." त्यानंतर ती दर उन्हाळ्याला येत राहिली. तुमच्यात या विषयावर एक शब्द कधी झाला नाही म्हणे. "फकस्त एकदा विचारलं त्यांनी. म्हणल्या, त्यांचा दमा कसा हाय?"

आक्का, तुला त्यांचा दमा माहीत होता.

मी त्या अंगणात किती वेळा येऊन बसले असेन. शेवया उचलून बाजेवर टाकायला मीच असायचे तुझ्या हाताखाली. त्या बायकांत शांता असणार. मी तिला पाणीही दिलं असेल. त्याच अंगणात मी तुला सांगत बसायचे, त्या माणसाचं नाव टाक म्हणून. तू ऐकून घ्यायचीस आणि मशीनमध्ये पिठाचा उंडा घालायचीस. तू त्याला माफ केलं होतंस का? की नुसतं नाव ठेवलं होतंस, बाकी काही नाही? माझ्या हातात दोन्ही बाजूंची माहिती आली आणि मला आधीपेक्षा कमी कळायला लागलं.

मी जोडे घालत होते तेव्हा शांता दारापर्यंत आली. "लिहा पती," ती म्हणाली. "जितेपणी तिनं मला कधी खाली बघायला लावलं न्हाई. मेल्यावर मी तिच्याशी काय भांडू."

बँकेत ते दोघं आले. रामरावनी धुतलेला सदरा घातला होता, शांताच्या पिशवीत त्यांचा पंप होता. मॅडमनी अर्ज पुढं केला. मयताशी नातं, असा रकाना होता. रामरावनी आधी शांताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पती," ते म्हणाले आणि त्यांना ढास लागली. शांतानं पंप काढून दिला. मी साक्षीदाराच्या जागी सही केली.

आम्ही सगळ्यांनी मिळून तुला त्या घरातून सोडवल्यासारखं आयुष्यभर वागवलं. आणि त्या दिवशी काउंटरवर मीच तुला पुन्हा त्यांची बायको करून आले. मला लाज वाटायला हवी होती की बरं वाटायला हवं होतं? दोन्ही वाटलं. परतीच्या गाडीत मात्र नुसती भूक लागली होती.

पुढं काय झालं तेही सांगते. रक्कम रामरावच्या खात्यात गेली, कायद्यानं तिथंच जायची होती. ती काढून ते एक दिवस साखऱ्याला दत्तूच्या दारात आले. एकटेच. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाले, "कायद्यानं माझं झालं म्हणे. मला त्यातलं काय कळत न्हाई. ठेवून घ्या." दत्तूनं विचारलं, "तुमी आक्काला आणायला आलते, हे खरं हाय?" ते म्हणाले, "आलतो." दत्तूच्या बायकोनं चहा ठेवला, पण तो होईपर्यंत ते थांबले नाहीत.

दत्तूनं मला फोन केला. आधी पिशवीचं सांगितलं. मग म्हणाला, "मला आठवतं बी अन् न्हाई बी. कुणीतरी ओट्याखाली उभं होतं अन् बाबा दारात. पण तो वसुलीवाला बी असंल." टायपिंगवाल्याकडं ताणून बोलणारा दत्तू तो. अर्धे पैसे त्यानं मला आणून दिले. माझे मी तसेच ठेवलेत. त्यांना हात लावायला गेलं की वाटतं, हे कुणाचे आहेत ते आधी कळू दे.

रडू मला अशाच कुठल्यातरी वेळी येतं. परवा खिचडीत मीठ टाकताना आलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू आमच्या दोन खोल्यांत राहायला आलीस आणि खिचडीत मीठ किती, यावरून माझ्या सासूबाईंशी रोज भांडलीस. रोज जिंकलीस. तू निघालीस तेव्हा रडल्या मात्र सासूबाई. अजून त्या तुझ्या हातचं मीठ म्हणतात. मला अंघोळ घालताना तू एकदा म्हणाली होतीस, "तुला लेकरासारखी धुती मी." मी टाके दुखतात म्हणून कुरकुरत होते. तुला मूल नाही, ही गोष्ट मी तेव्हा मनात आणली नाही, आणि तूही आणू दिली नाहीस. तुझ्या हाताचा जोर अजून माझ्या पाठीला आहे. याचे वारस कोण, असं मॅडमनी विचारलं असतं तर मी कुणाला न विचारता सही केली असती.

राहिली तुझी खोली. ग्रामसेवक म्हणाले, हिचं वेगळं आहे. जागा वडलांकडून आलेली, बाईला मूल नाही, म्हणून ती नवऱ्याकडं जात नाही, परत वडलांच्या वारसांकडं येते. म्हणजे दत्तू आणि मी. इथंही कोर्टाची गरज नाही, नुसता अर्ज, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र. मी दत्तूला म्हणाले, "कमाई सासरची, खोली माहेरची. मंग आक्का कुठली?" दत्तू म्हणाला, "साखऱ्याची."

प्रतिज्ञापत्रात या वेळी आम्ही सगळं लिहिलं. कमल, वडलांचं नाव, पतीचं नाव, पती हयात. टायपिंगवाल्यानं न बोलता टाईप केलं. माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, याच्याखाली मी सही केली. माझी माहिती आता निदान मला जेवढं कळलं होतं तेवढी तरी खरी होती.

मग पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. तुझं नाव, घराचा नंबर, वारस म्हणून आमची नावं, आणि खाली, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. साखऱ्याला गेले की मी त्या फळ्यापुढून जायचे. बायका थांबून वाचायच्या. एकीनं मला विचारलं, यंदा मशीन चालणार का? मी म्हणाले, वहिनी शिकून राहिलीय. ती रव्याचं बोलत गेली.

मुदत संपली तेव्हा मी पंचायतीत होते. ग्रामसेवकांनी नोटीस फळ्यावरून काढली, घडी घातली आणि चांगली बातमी द्यावी तसं म्हणाले, "कुणाची हरकत आली न्हाई, ताई. झालं तुमचं काम."

मला एकदम वाटलं, असं कसं? तुझं नाव कमी होणार, आणि गावात कुणालाच काही म्हणायचं नाही? मी विचारलं, "हरकत बहिणीला घेता येती का?"

ते म्हणाले, "तुमचंच नाव लागून राहिलं की. तुमी काहून हरकत घ्याल?"

मी त्यांच्या हातातली नोटीस घेऊन घडी उलगडली आणि तुझं नाव पुन्हा वाचलं, आक्का.